सिंक्रो गोल्फच्या पोटात नवे इंजिन

या चित्रफितीत जिचे इंजिन बदलले जाते, ती गाडी दुसऱ्या पिढीची फोक्सवॅगन गोल्फ आहे. १९८३ साली ही पिढी बाजारात आली, आणि जर्मनीच्या रस्त्यांवर तिच्याइतक्या ओळखीच्या गाड्या फार थोड्या आहेत. बॉनेट उघडून पाहिले तरी तिच्यात काही विशेष असल्याचे जाणवत नाही. तिचे वेगळेपण पाहायचे असेल, तर तिला लिफ्टवर चढवून खाली उभे राहावे लागते. तिथे गिअरबॉक्सच्या मागून एक लांब प्रोपेलर शाफ्ट निघतो, गाडीच्या मधल्या बोगद्यातून मागे जातो आणि मागच्या डिफरन्शियलला, म्हणजे दोन चाकांत ओढ वाटणाऱ्या गिअरच्या डब्याला, मिळतो. साध्या गोल्फला हा शाफ्ट नसतो, कारण तिला फक्त पुढची चाके ओढतात.

फोक्सवॅगनने १९८६ मध्ये गोल्फला चारही चाकांची ही ओढ दिली आणि तिला सिंक्रो हे नाव दिले. यंत्रणा घडवण्यात ऑस्ट्रियातील ग्राझ येथील श्टायर-डाइमलर-पुख या कंपनीचा मोठा वाटा होता. या यंत्रणेचा जीव एका बंद डब्यात आहे, त्याला व्हिस्कस कपलिंग म्हणतात. डब्यात पोलादाच्या पातळ चकत्यांची चळत असते, त्यांतील एकाआड एक चकती पुढच्या शाफ्टला आणि उरलेल्या मागच्या शाफ्टला जोडलेल्या असतात, आणि सगळ्या चकत्या सिलिकॉनच्या दाट द्रवात बुडालेल्या असतात. चारही चाके सारख्या वेगाने फिरत असतील, तर द्रव स्वस्थ राहतो. पुढची चाके बर्फावर किंवा ओल्या गवतावर घसरून जोरात फिरू लागली, की चकत्यांच्या वेगात फरक पडतो आणि द्रव त्या फरकाला विरोध करतो. थंडीने घट्ट झालेल्या काकवीत पळी हळू फिरवली तर ती सहज फिरते, जोरात फिरवली तर हाताला ओढ लागते. इथेही तोच प्रकार होतो आणि ती ओढ मागच्या चाकांपर्यंत पोहोचते. यात संगणक नाही, विजेचा पंप नाही, चालकाने दाबायचे बटण नाही.

एवढी सुरेख यंत्रणा ज्या इंजिनाच्या मागे जोडली होती, ते मात्र १.८ लिटरचे, ९० अश्वशक्तीचे साधे इंजिन होते. जादा शाफ्ट, जादा डिफरन्शियल आणि बदललेली मागची सस्पेन्शन यांचे वजन ओढताना त्याची दमछाक होते. घाटात आणि ओव्हरटेक करताना ही उणीव चालकाला लगेच जाणवते. म्हणूनच सिंक्रोच्या मालकांना इंजिन बदलण्याचा विचार सुचतो, आणि तो मुळात गैर नाही, असे आमचे मत आहे.

कंपनीने स्वतःही हा विचार केला होता. १९८९ च्या रॅली गोल्फमध्ये याच चारचाकी यंत्रणेला जी-६० हे काँप्रेसर, म्हणजे हवा दाबून भरणारे यंत्र, असलेले १६० अश्वशक्तीचे इंजिन जोडले गेले, आणि स्पर्धेच्या मान्यतेसाठी अशा ५,००० गाड्या बनवण्यात आल्या. त्या इंजिनाची क्षमता नेहमीच्या १७८१ घनसेंटिमीटरऐवजी १७६३ ठेवली होती, आणि यामागे नुसता हिशेब होता. हवा दाबून भरणाऱ्या इंजिनाची क्षमता स्पर्धेच्या नियमात १.७ ने गुणली जात असे. १७६३ चा गुणाकार तीन लिटरच्या आत राहतो, १७८१ चा राहत नाही. त्याच काळात गोल्फ लिमिटेड नावाच्या अवघ्या ७१ गाड्या सोळा व्हॉल्व्ह आणि तोच काँप्रेसर घेऊन २१० अश्वशक्तीपर्यंत गेल्या. त्यामुळे सिंक्रोला ताकद देणे ही काही आजच्या हौशी मंडळींनी काढलेली टूम नव्हे.

आज या गाडीत बसवण्यासाठी बहुतेकदा निवडले जाते ते याच कंपनीचे १.८ लिटरचे टर्बो इंजिन (टर्बो एक्झॉस्टच्या जोरावर हवा दाबून भरतो), ज्याच्या प्रत्येक सिलिंडरला पाच, म्हणजे एकूण वीस व्हॉल्व्ह आहेत. ते १९९० च्या दशकाच्या मध्यात आउडीच्या गाड्यांत आले आणि पुढे चौथ्या पिढीच्या गोल्फपासून श्कोडा ऑक्टाव्हियापर्यंत पसरले. महाराष्ट्राला ते अपरिचित नाही. छत्रपती संभाजीनगरजवळच्या (तेव्हाच्या औरंगाबादजवळच्या) शेंद्रा येथे जुळवणी झालेल्या ऑक्टाव्हियाच्या आरएस आवृत्तीत हेच इंजिन होते, आणि तिच्या आठवणी काढणारे लोक आजही भेटतात.

हे इंजिन जुन्या गोल्फमध्ये बसते, त्याचे कारण त्याच्या घराण्यात आहे. १९७२ च्या आउडी ८० मध्ये आलेल्या ईए ८२७ या इंजिन-मालिकेचेच ते वंशज आहे. दोन सिलिंडरांच्या मध्यांमधले ८८ मिलिमीटरचे अंतर त्याने तसेच जपले आहे, आणि ८१ मिलिमीटरचा बोअर (सिलिंडरचा व्यास) व ८६.४ मिलिमीटरचा स्ट्रोक (पिस्टनची धाव) हे जुन्या १.८ लिटरच्या इंजिनाचेच आकडे आहेत. त्यातही सुरुवातीच्या ब्लॉकमध्ये, म्हणजे इंजिनाच्या मुख्य ओतीव सांगाड्यात, ज्याला जाणकार ०५८ या क्रमांकाने ओळखतात, तेलाचा पंप फिरवणारा मधला शाफ्ट जुन्या पद्धतीनेच ठेवलेला आहे आणि जुन्या गोल्फची माउंटिंग, म्हणजे इंजिन गाडीत टेकवणारे जोड, त्याच्याशी बऱ्याच सहजपणे जुळतात. नंतरच्या ०६ए ब्लॉकमध्ये हा शाफ्ट गेला, पंप साखळीवर आला, आणि त्याच्यासाठी निराळे ब्रॅकेट करावे लागतात. भंगारातून इंजिन आणणाऱ्याने म्हणूनच अश्वशक्तीच्या आधी ब्लॉकचा क्रमांक पाहावा.

गिअरबॉक्सच्या बाबतीतही अशीच खबरदारी लागते. रॅली गोल्फमधला ०२सी हा गिअरबॉक्स चार सिलिंडरच्या या घराण्याला लागू पडतो, पण त्याच मालिकेतला सहा सिलिंडरच्या व्हीआर-६ इंजिनाचा गिअरबॉक्स या ब्लॉकला बसत नाही, कारण त्याच्या तोंडावरच्या बोल्टांची मांडणी निराळी आहे.

मग येतो तो भाग, जिथे पुढच्या चाकांवर चालणाऱ्या साध्या गोल्फचा अनुभव पुरत नाही. आडव्या बसवलेल्या या इंजिनाचा टर्बो मागच्या अंगाला, इंजिन आणि केबिन यांच्यामधल्या पत्र्याकडे तोंड करून असतो. त्याच्यातून निघणारा एक्झॉस्टचा पाइप खाली वळून मागे जायला हवा, आणि साध्या गोल्फमध्ये तिथे मोकळी जागा असते. सिंक्रोमध्ये नेमक्या त्याच जागी गिअरबॉक्सची शक्ती मागे वळवणारा कोन-गिअरचा डबा बसलेला आहे, आणि बोगद्यात प्रोपेलर शाफ्टने आधीच आपला वाटा घेतलेला आहे. पाइपचा व्यास वाढवावा तर तो शाफ्टला घासण्याची भीती, आणि कमी ठेवावा तर टर्बोचा श्वास कोंडतो. जोर लागल्यावर इंजिन आपल्या रबरी माउंटिंगवर डोलते, हेही विसरून चालत नाही. गाडी उभी असताना दिसणारी बोटभर फट पहिल्याच झटक्याला नाहीशी होऊ शकते. पाइपला लवचीक जोड द्यावा लागतो, कोन-गिअरच्या डब्याला उष्णतेपासून आड करणारा पत्रा लावावा लागतो, कारण आतले तेल आणि रबरी सील सतत तापू देणे योग्य नाही. या वळणावर चांगला फिटर दिवसच्या दिवस घालवतो, आणि ते दिवस वाया गेले, असे कोणी समजू नये.

दुसरी गोष्ट याहून लहान असल्याने सहज नजरेतून सुटते. सिंक्रोच्या मागच्या डिफरन्शियलमध्ये एक फ्रीव्हील, म्हणजे एकाच दिशेने पकड घेणारा जोड, आहे. ब्रेक लावताना मागची चाके पुढच्यांशी बांधली जाऊ नयेत, यासाठी ते सुटे होते. पण गाडी मागे घेताना तेच फ्रीव्हील निर्वात दाबाने चालणाऱ्या एका छोट्या यंत्राने पकडून धरावे लागते. हा निर्वात इंजिनाच्या मॅनिफोल्डमधून, म्हणजे हवा आत घेणाऱ्या नळ्यांतून, मिळतो, आणि जुने इंजिन तिथे नेहमी ओढच निर्माण करत असे. टर्बो इंजिन कधी ओढते, तर कधी उलट दाब देते. निर्वाताची नळी एकतर्फी व्हॉल्व्हशिवाय तशीच जोडली, तर तो दाब त्या छोट्या यंत्रातल्या नाजूक पडद्यावर जातो. ब्रेकच्या बूस्टरलाही हेच लागू आहे.

वायरिंगचे काम चिकाटीचे आहे. या इंजिनाचा संगणक चावीतील चिप ओळखल्याशिवाय अनेकदा इंजिन चालू ठेवत नाही, म्हणून संगणक, मीटरचा संच आणि चावी एकाच गाडीतून घेणे शहाणपणाचे ठरते. मग मूळ वायरिंगमधून एअरबॅगसारख्या जुन्या गोल्फमध्ये नसलेल्या गोष्टींच्या तारा एकेक करून वेगळ्या काढाव्या लागतात. सुरुवातीच्या काही आवृत्त्यांत थ्रॉटल केबलवर चालते; जुन्या पेडलशी ती थेट जुळत असल्याने त्या आवृत्त्यांना अजून मागणी आहे. रेडिएटर, इंटरकूलर आणि पेट्रोलच्या पंपाची कामे नेहमीच्या पद्धतीने होतात.

१५० अश्वशक्तीच्या आवृत्तीत हे इंजिन २१० न्यूटन-मीटर टॉर्क देते, आणि तो मिनिटाला १,७५० फेऱ्यांपासूनच हाती येतो. रॅली गोल्फचा २२५ न्यूटन-मीटर टॉर्क आकड्याने थोडा मोठा होता, पण तो खूप वरच्या फेऱ्यांवर मिळत असे. कमी वेगात लवकर येणारा हा जोर शाफ्टचे जोड, कोन-गिअर आणि कपलिंग या सगळ्यांवर एकदम पडतो. या भागांपैकी अनेक आता सहज मिळत नाहीत. इंजिनातून आणखी पन्नास अश्वशक्ती काढणे नुसत्या सॉफ्टवेअरने शक्य असते, तरीही या गाडीत ते करू नये, असे आम्हाला ठामपणे वाटते. मोडलेले इंजिन भंगारात दुसरे मिळेल, सिंक्रोचे मागचे डिफरन्शियल मात्र शोधत फिरावे लागेल.

जर्मनीत अशी गाडी रस्त्यावर आणण्यापूर्वी मान्यताप्राप्त तपासनीसाकडून बदलाची नोंद कागदपत्रांत करून घ्यावी लागते, आणि वाढलेल्या ताकदीबरोबर ब्रेकही वाढलेले आहेत ना, हे तो पाहतो. जी-६० गोल्फच्या २८० मिलिमीटरच्या डिस्क म्हणूनच या कामात हव्याहव्याशा असतात. भारतात हा मार्ग खूप अरुंद आहे. मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम ५२ नुसार गाडीची मूळ नोंद बदलेल असा फेरफार करता येत नाही, त्यामुळे ही चित्रफीत पाहून घरच्या गाडीला कोणी हात लावू नये.

सगळे जोडून झाल्यावर, पहिल्या फेरीच्या आधी, एक काम उरते. चारही टायरांचा घेर मापपट्टीने मोजावा लागतो. पुढचे टायर नवे आणि मागचे झिजलेले असले, तर सरळ रस्त्यावरही दोन्ही शाफ्टांच्या वेगात कायम फरक राहतो, कपलिंगमधला द्रव तासन्‌तास घुसळत राहतो, तापतो आणि निकामी होतो. एकाच कंपनीचे, सारख्याच झिजेचे चार टायर चढवले, हवेचा दाब पाहिला, की गाडी लिफ्टवरून खाली येते. रात्री पाऊस पडून गेलेला आहे, गॅरेजसमोरचे गवत अजून ओले आहे, आणि गाडी प्रथम त्या गवतावरच नेली जाते.