अफवेला माणूस कोण पुरवते?

मित्रहो,

1 जुलै 2018 हा रविवार होता. धुळे जिल्ह्याच्या साक्री तालुक्यातील राईनपाडा या आदिवासी गावात त्या दिवशी आठवडे बाजार भरला होता. पिंपळनेर परिसरात पाले टाकून राहिलेल्या भिक्षेकऱ्यांपैकी पाच जण त्या बाजारात आले. ते नाथपंथी डवरी गोसावी समाजाचे होते आणि मूळचे सोलापूर जिल्ह्यातील मंगळवेढ्याकडचे, म्हणजे तेथून कित्येक कोस दूर असलेल्या दुष्काळी पट्ट्यातले होते. त्यांच्यापैकी कोणी तरी एका लहान मुलीशी बोलले असा संशय आला, 'मुले पळवणारी टोळी' असा ओरडा झाला आणि जमावाने त्यांना ग्रामपंचायतीच्या कार्यालयात नेऊन ठार मारले. ज्या कचेरीत गावाचे दाखले मिळतात, जिथे ग्रामसेवक बसतो, त्याच खोलीत हे घडले. माझ्या दृष्टीने या प्रसंगातील ही सर्वांत अस्वस्थ करणारी गोष्ट आहे, कारण गावाच्या हाताशी शासनाची जी वास्तू होती, ती त्या पाच जणांना आसरा देऊ शकली नाही.

या घटनेची चर्चा झाली ती मुख्यतः व्हॉट्सअ‍ॅपच्या अंगाने. ती निराधार नव्हती. त्या महिन्यांत देशभर फिरलेल्या चित्रफितींपैकी एक तर कराचीत मुलांच्या सुरक्षिततेविषयी जागृती करण्यासाठी तयार केलेली होती. मोटारसायकलवरून आलेले दोघे मुलाला उचलतात आणि शेवटी परत आणून सोडतात, अशी तिची रचना होती. तो शेवट कापून टाकल्यावर उरली ती भीती. पुढे व्हॉट्सअ‍ॅपने भारतात एक संदेश एका वेळी पाच ठिकाणीच पाठवता येईल अशी मर्यादा घातली. ती आवश्यकच होती. परंतु चित्रफीत फार तर भीती पसरवते. भीतीचे बोट कोणाकडे वळायचे हे ती सांगत नाही. त्या बाजारात परगावचे व्यापारी आले असतील, भांडी विकणारे आले असतील, औषधवालेही आले असतील. संशय आला तो झोळीवाल्यांवरच. अफवेला माणूस पुरवण्याचे काम समाजाच्या मनात आधीपासून तयार असलेली एक यादी करते, आणि मला आज त्या यादीविषयी बोलायचे आहे.

ती यादी एकेकाळी खरोखर कागदावर होती. इंग्रज सरकारने 1871 मध्ये गुन्हेगार जमातींचा कायदा केला, 1911 मध्ये त्याची व्याप्ती वाढवली आणि 1924 मध्ये तो एकत्रित स्वरूपात पुन्हा आणला. एखाद्या जातीत जन्माला येणे हाच गुन्हेगारीचा पुरावा मानायचा, गावोगावी त्यांची हजेरी घ्यायची, परवान्याशिवाय हद्द ओलांडू द्यायची नाही आणि प्रसंगी काटेरी कुंपणाच्या वसाहतीत डांबून ठेवायचे, अशी ती व्यवस्था होती. सोलापूरची अशी वसाहत प्रसिद्धच होती. स्वातंत्र्यानंतर अय्यंगार समितीच्या शिफारशीनुसार हा कायदा 31 ऑगस्ट 1952 रोजी रद्द झाला, आणि म्हणून त्या कायद्यातून मुक्त झालेला विमुक्त समाज तो दिवस विमुक्त दिन म्हणून पाळतो. पण त्याची जागा सराईत गुन्हेगारांविषयीच्या कायद्यांनी घेतली. मुंबई राज्याने असा कायदा 1959 मध्ये केला. नावाने जात वगळली गेली, तरी पोलीस ठाण्यातील सवय कायम राहिली. गावात चोरी झाली की आधी पारध्यांच्या पालांवर जायचे, ही रीत ग्रामीण महाराष्ट्रात राहिलेल्या कोणालाही नवी वाटणार नाही. तुरुंगांच्या नियमावल्यांत विमुक्त जमातींना सराईत गुन्हेगार मानणारे उल्लेख इतकी वर्षे टिकून राहिले होते की, सर्वोच्च न्यायालयाला 3 ऑक्टोबर 2024 च्या निकालात त्यांची दखल घ्यावी लागली.

डवरी गोसावी हे गुन्हेगार ठरवलेल्या जमातींपैकी नव्हेत. महाराष्ट्राच्या सूचीत ते भटक्या जमातींत मोडतात. तरीही संशयाला हे बारकावे कळत नाहीत. पाल, झोळी, अनोळखी बोली एवढ्या खुणा त्याला पुरतात. 2012 च्या मे महिन्यात नागपुरात नाथजोगी या भटक्या समाजाच्या तिघांना जमावाने असेच मारले होते, आणि त्या वेळी हाताहातांत स्मार्टफोन आलेले नव्हते.

एक गोष्ट मात्र पूर्वी वेगळी होती. डवर हे वाद्य वाजवीत, नाथांची गाणी म्हणत येणारा गोसावी सुगीनंतर ठराविक गावांत ठराविक काळी येत असे. त्याची गावे बांधलेली असत, घरे ओळखीची असत, आणि कोणाच्या दारात कोणी जायचे याचे संकेत त्यांच्या त्यांच्यात ठरलेले असत. त्याला मान फार नव्हता. ते दिवस सोन्याचे होते असे मी मुळीच म्हणणार नाही. पण त्याला ओळख होती. शेतीचे अर्थकारण पालटले, पसा-पायलीने धान्य घालण्याची रीत मागे पडली, गावाकडचा दुष्काळ हटेना, तसतसे हे लोक पूर्वी कधी न पाहिलेल्या मुलखात जाऊ लागले. सोलापूरकडची मराठी बोलणारा माणूस साक्रीच्या डोंगरपट्ट्यात, जिथे अहिराणी आणि आदिवासी बोली चालतात, तिथे पोहोचला की दोन्ही बाजू एकमेकांना परक्या असतात. त्याचे म्हणणे समजून घेणारा दुभाष्याही मिळत नाही.

गावकऱ्यांना केवळ क्रूर म्हणून मोकळे होणे मला पटत नाही. तेही गरीब आहेत, वर्षातले कित्येक महिने मजुरीसाठी बाहेर असतात आणि मुले आजी-आजोबांच्या भरवशावर घरी ठेवतात. पोलीस ठाणे लांब, बंदोबस्त तोकडा, आणि तक्रार केली तर कोणी ऐकेल याचा भरवसा नाही. ज्याला शासनाकडून संरक्षणाची अपेक्षाच उरलेली नाही, तो संरक्षण आपल्या हाती घेतो, आणि त्या हातांखाली सापडतो तो त्याच्याहूनही दुबळा माणूस. घटनेनंतर अटकेच्या भीतीने राईनपाड्यातील पुरुष परागंदा झाले आणि मागे बायका व म्हातारी माणसे राहिली. म्हणजे जे गाव स्वतःला वाचवायला निघाले होते, ते अधिकच असुरक्षित झाले. याचा अर्थ अपराध सौम्य होतो असा नाही. खून हा खूनच आहे.

विकसनशील जगात हे चित्र अन्यत्रही दिसते. आफ्रिकेतील मलावी देशाच्या दक्षिण भागात 2017 मध्ये रक्त शोषणारे लोक हिंडत असल्याची अफवा उठली, जमावाने माणसे मारली, आणि संयुक्त राष्ट्रांना मुलांजे व फालोम्बे या जिल्ह्यांतून आपले कर्मचारी हलवावे लागले. बळी पडलेल्यांत मिरगीचा विकार असलेला एक तरुणही होता. बांगलादेशात 2019 च्या जुलैमध्ये पद्मा नदीवरील पुलासाठी माणसांची मुंडकी लागतात अशी आवई उठली, आणि मुलीच्या प्रवेशाची चौकशी करायला ढाक्यातील शाळेत गेलेली एक आई जमावाच्या मारहाणीत मरण पावली. पुलाच्या पायात बळी देतात ही समजूत आपल्याकडेही जुनी आहे. दर ठिकाणी अफवेचा वेश स्थानिक असतो, आणि जिथे शासनावरचा विश्वास पातळ झालेला असतो तिथे ती सर्वांत लवकर रुजते.

राईनपाड्यानंतर सोळाच दिवसांनी, 17 जुलै 2018 रोजी, सर्वोच्च न्यायालयाने झुंडबळीविषयी निर्देश दिले: प्रत्येक जिल्ह्यात पोलीस अधीक्षक दर्जाचा समन्वय अधिकारी, जलदगती सुनावणी, पीडितांसाठी भरपाईची योजना. 1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेच्या कलम 103 मध्ये तर पाच किंवा अधिक जणांनी मिळून वंश, जात, समुदाय, जन्मस्थान, भाषा अशा कारणावरून केलेल्या खुनासाठी स्वतंत्र तरतूद आहे. तरतूद चांगली आहे, पण मला तिच्यात एक अडचण दिसते. आरोपी म्हणणार, 'आम्ही जात पाहिली नाही, आम्हाला ते चोर वाटले.' ते चोर का वाटले, या प्रश्नाचे उत्तरच मुळी त्यांच्या जातीत, पेहरावात आणि बोलीत असते. पूर्वग्रह जेव्हा संशयाचे रूप घेतो, तेव्हा आरोपीच्या मनात द्वेष होता असे सिद्ध करणे कठीण जाते, कारण त्याला स्वतःलाही तो जाणवलेला नसतो. तपास अधिकाऱ्यांना आणि सरकारी वकिलांना हे उलगडून मांडता आले पाहिजे.

राईनपाड्याच्या घटनेच्याच सुमारास मालेगावातही मुले पळवल्याच्या संशयावरून एका भटक्या कुटुंबाला मोठ्या जमावाने घेरले होते. त्यांच्यासोबत लहान मूलही होते. ती माणसे वाचली, कारण पोलीस आणि तिथलेच काही रहिवासी जमाव आणि त्या कुटुंबाच्या मध्ये उभे राहिले. तोच संशय, तेच दिवस; फरक पडला तो वेळेवर मध्ये पडणाऱ्या माणसांनी.

म्हणून माझा आग्रह दोन अगदी व्यावहारिक गोष्टींसाठी आहे. भटके लोक नव्या मुलखात गेले की पोलीस ठाण्यात मुसाफिरीची नोंद करतात. आज ती नोंद त्यांच्यावर नजर ठेवण्यासाठी वापरली जाते. तीच नोंद त्यांच्या संरक्षणासाठी वापरावी: ठाण्याने ती परिसरातील प्रत्येक पोलीस पाटलाला त्याच दिवशी कळवावी आणि पोलीस पाटलाने गावात सांगावे की अमुक लोक आले आहेत, ते कोण आहेत, किती दिवस राहणार आहेत. पोलीस पाटलाचे पद 1967 च्या कायद्याने आपल्याकडे आहेच. त्यासाठी नवे खाते उघडावे लागत नाही.

दुसरी गोष्ट दाखल्याची. विमुक्त-भटक्यांना जातीचा दाखला मिळवायचा तर 21 नोव्हेंबर 1961 पूर्वीच्या वास्तव्याचा पुरावा मागितला जातो. ज्याचा आजोबा आयुष्यभर पालात राहिला, त्याने तो कोठून आणावा? दाखला नाही म्हणून शिष्यवृत्ती नाही, घरांसाठीच्या शासकीय वसाहत योजनेतील पाच गुंठे जागा नाही, आणि मग पुन्हा झोळी घेऊन अनोळखी बाजार. गृहचौकशीच्या, म्हणजे घरी जाऊन केलेल्या चौकशीच्या, आधारे दाखला देण्याची तरतूद शासनाने मान्य केलेली असूनही तहसील कचेऱ्यांत ती नाकारली जाते, अशी या समाजाची जुनी तक्रार आहे. प्रत्येक उपविभागात किती अर्ज आले, किती फेटाळले आणि कोणत्या कारणाने फेटाळले, हे दरवर्षी जाहीर व्हावे. आपल्यापैकी जे वकील, शिक्षक, पत्रकार आहेत, त्यांनी आपापल्या तालुक्यात ही माहिती मागायला सुरुवात करावी, आणि जिथे अर्ज फेटाळला गेला असेल तिथे अपिलाचा कागद लिहून द्यायला त्या कुटुंबाबरोबर जावे.