७०० अंशांवरची अकरा वर्षं

(दृश्य: गोवऱ्यांच्या जाळात लाल झालेली लोखंडी धाव. दोघं-तिघं सांडशीने ती उचलतात.)

बैलगाडीच्या लाकडी चाकावर चढवायची धाव लोहार चाकापेक्षा किंचित लहानच करतो. जाळात ती फुगते आणि चाकावर बसते. वरून पाणी पडलं की आकसते आणि चाकाचे सगळे सांधे घट्ट आवळून धरते.

हे आवळणं डोक्यात राहू द्या.

(दृश्य: प्रयोगशाळेतली बंद भट्टी.)

जर्मनीतलं युलिश संशोधन केंद्र. ऑगस्ट २००७ मध्ये इथे सॉलिड ऑक्साइड फ्युएल सेलचा, म्हणजे घन ऑक्साइड इंधनघटाचा, एक छोटा संच ७०० अंश सेल्सिअसच्या भट्टीत सुरू झाला. तो बंद केला जानेवारी २०१९ मध्ये. भट्टीतले तास भरले एक लाखाहून जास्त.

या घटात ज्योत नसते. एका बाजूने हायड्रोजनसारखं इंधन येतं, दुसऱ्या बाजूने हवा, आणि मध्ये झिर्कोनियाचा, म्हणजे झिर्कोनियम ऑक्साइड या सिरॅमिकचा, पातळ पडदा. तापला की त्यातून ऑक्सिजनचे आयन, म्हणजे विद्युतभारित अणू, पलीकडे जातात आणि बाहेरच्या तारेतून वीज वाहते. झिर्कोनियात इट्रिया (इट्रियम धातूचं ऑक्साइड) मिसळून जर्मन शास्त्रज्ञ वाल्थर नेर्न्स्ट यांनी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस दिवा केला होता. त्याच जातीच्या पदार्थाचा इंधनघट १९३७ मध्ये झुरिकला बाउर आणि प्राइस यांनी १००० अंशांवर चालवला. वीज तेव्हाच मिळाली होती. टिकवणं मात्र फार अवघड निघालं.

(दृश्य: घटाच्या कापलेल्या कडेचं सूक्ष्मदर्शकातलं चित्र.)

हा वरचा दाट थर पाहा, हाच तो पडदा. जाडी साधारण १० मायक्रोमीटर, केसापेक्षा कितीतरी कमी. त्याखालचा जाड, सच्छिद्र भाग निकेल आणि झिर्कोनियाचा, ही इंधनाची बाजू. दोन्ही थर सुमारे १४०० अंशांवर एकत्र भाजतात. गार होताना खालचा भाग वरच्यापेक्षा जास्त आकसतो. दहा सेंटिमीटरच्या तुकड्यात हा फरक जेमतेम पाव मिलिमीटरचा. पण थर एकमेकांना चिकटलेले. सुटायला जागाच नाही. मग खालचा थर वरच्याला आवळतो, अगदी धावेसारखा. गार झाल्यावर त्या पातळ पडद्यावरचा दाब ५०० मेगापास्कलच्या घरात जातो. दर चौरस मिलिमीटरवर जणू पन्नास किलोची गव्हाची गोणी!

एवढ्या दाबाखाली पडदा फुटत कसा नाही? कारण सिरॅमिकला दाब सोसतो, ओढ सोसत नाही. ओढ बसली की बारीकशी चीरही उघडते आणि धावत सुटते. म्हणजे हे आवळणं पडद्याचं कवचच आहे. मला या सगळ्या रचनेतली सर्वात सुंदर गोष्ट हीच वाटते.

हे कवच मोडतं कसं?

(दृश्य: समुद्राजवळच्या इमारतीचा छज्जा. काँक्रीट निखळून उघडी पडलेली गंजकी सळई.)

मुंबईच्या जुन्या इमारतींत हे रोज दिसतं. सळई गंजते, फुगते आणि भोवतालचं काँक्रीट फोडते. इंधनघटात हेच निकेलचं होतं. घट तापलेला असताना इंधन थांबलं आणि त्या बाजूला हवा शिरली, की निकेलचं ऑक्साइड होतं आणि त्याचं आकारमान सुमारे ७० टक्क्यांनी वाढतं. छिद्रांत थोडी जागा असते, पण सगळं मावत नाही. खालचा थर ताणला जातो, वरच्या पडद्यावरची पकड सुटते, दाबाची जागा ओढ घेते. मग तडा. तड्यातून इंधन आणि हवा थेट भेटतात, तिथेच जळतात, आणि तो कोपरा आणखी तापतो.

कुठला घट आधी तडकेल हे सांगता येत नाही. स्वीडनच्या वालोडी वायबुल यांनी १९३९ मध्ये ठिसूळ पदार्थांच्या ताकदीचा हिशेब सरासरीवर न मांडता सर्वात कमकुवत जागेवर मांडला. घट जितका मोठा, तितकी त्यात एखादी वाईट चीर लपलेली असण्याची शक्यता जास्त. संचात घट एकामागोमाग जोडलेले असतात, त्यामुळे एकाचं दुखणं सगळ्यांना भोवतं.

दोन घटांना जोडणाऱ्या पोलादी पट्ट्यांचीही निवड फुगण्या-आकसण्याच्या हिशेबानेच होते. क्रोफर २२ एपीयू या पोलादात सुमारे २२ टक्के क्रोमियम असतं आणि ते जवळपास सिरॅमिकइतकंच फुगतं. पट्टी आणि घट यांचा सांधा काचेने बंद करतात. त्या काचेत बेरियम असेल, तर क्रोमियमशी त्याचा संयोग होऊन बेरियम क्रोमेट तयार होतं. ते वेगळ्याच मापाने फुगतं, आणि सांधा तिथेच उकलायला लागतो.

(दृश्य: तापमानाचा आकडा हळूहळू उतरतो आहे.)

असा संच बंद करायचा म्हणजे नुसती कळ दाबून भागत नाही. भट्टी मिनिटाला काही अंश, एवढ्याच बेताने उतरवतात. कुठे गार, कुठे गरम असं होऊ द्यायचं नाही. आणि वीज घेणं थांबलं तरी निकेलच्या बाजूने थोडा हायड्रोजन मिसळलेला नायट्रोजन वाहता ठेवतात, निकेल पुरतं निवेपर्यंत.