टेप आधी पार्किंगला लावा

नमस्कार श्रोतेहो. लातूर, परभणी, नांदेड, जालना, गाव कोणतंही असो, फ्लॅट बघायला गेलेलं कुटुंब आधी किचन बघतं, देवघराची दिशा बघतं. पार्किंगचं विचारलं की बिल्डर म्हणतो, "आहे ना, प्रत्येकाला एक." ते 'एक' किती फुटांचं, ते तिथंच टेप लावून मोजा.

खांबांमधलं अंतर नकाशात मध्यापासून मध्यापर्यंत दाखवतात. समजा, ते सोळा फूट आहे. खांब एक फुटाचा, म्हणजे मोकळे उरले पंधरा. साधारण कार पावणेसहा फूट रुंद. दोन गाड्यांना साडेअकरा फूट गेले, राहिले साडेतीन. ते तीन फटींत वाटले तर एका फटीला जेमतेम १४ इंच येतात. दार उघडून माणूस उतरायला दोन फूट तरी लागतात. नकाशात दोन गाड्या बसतात, पण दुसऱ्या गाडीतून उतरायचं कसं? शिवाय गाडी वळवून आत घ्यायला समोर अठरा फूट मोकळे हवेत. गाडीमागे गाडी लावायची असेल, तर पुढची गाडी सकाळी कोणाची आणि किती वाजता निघते, हे आत्ताच विचारा.

मग मान वर करून बघा. पहिल्या मजल्याच्या संडास-बाथरूमचे पाइप स्लॅबखालून जातात. जॉइंट गळका असेल, तर बरोबर तुमच्या बॉनेटवर थेंब पडणार. खाली पांढरट डाग दिसले, तर ती जागा नको म्हणा.

बघायला जायचं ते रात्री नऊनंतर. दुपारी पार्किंग रिकामंच असतं. लातूरच्या ट्यूशन एरियात तर हे फारच गरजेचं, कारण फ्लॅट मुलांना भाड्यानं दिले की एकेका फ्लॅटमागे तीन-चार टू-व्हीलर उभ्या राहतात. काही ठिकाणी पार्किंगला भिंती घालून मेस किंवा अभ्यासिका काढलेली असते. ती जागा मंजूर नकाशात पार्किंगच असते, म्हणजे तुमच्या हक्काची जागा गेलेली असते.

आता कागद. उघडं पार्किंग बिल्डरला विकता येत नाही, हे महारेरानं, म्हणजे बिल्डरांवर नियंत्रण ठेवणाऱ्या राज्याच्या प्राधिकरणानं, जुलै २०२१च्या परिपत्रकात स्पष्ट केलं आहे. छताखालचं पार्किंग विकता येतं, पण एप्रिल २०२४च्या आदेशानुसार त्याची लांबी, रुंदी, उंची आणि नेमकी जागा करारनाम्याच्या जोडपत्रात लिहावी लागते. नुसतं 'एक पार्किंग' लिहिलेला करारनामा सही करू नका. आपल्याकडच्या पुष्कळ इमारती आठ किंवा त्याहून कमी फ्लॅटच्या, त्यांना रेराची नोंदणी लागत नाही. तिथं आधार मंजूर नकाशाचा. बिल्डर देत नसेल, तर महापालिकेत किंवा नगरपरिषदेत माहिती अधिकाराचा अर्ज टाका आणि नकाशातल्या गाड्या मोजा. जुना फ्लॅट असेल, तर सोसायटीचं पार्किंग वाटपाचं पत्र मागा. विकणाऱ्याच्या तोंडी शब्दावर थांबू नका.

आणि आपल्या भागाची खास गोष्ट, पाणी. हौदाचं झाकण बऱ्याच ठिकाणी पार्किंगमध्येच असतं. ते तुमच्या जागेत आलं, तर टँकर आला की दरवेळी गाडी काढायची पाळी तुमची. २०१६ला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलेल्या लातूरकरांना उन्हाळ्यात टँकर किती वेळा येतो, हे सांगायला नको. टँकर गेटमधून आत येतो की रस्त्यावरून पाइप टाकतो, तेही विचारा. आत येत असेल, तर तो उभा असताना तुमची गाडी निघेल का, हे तिथं उभं राहून बघा.