दहा नंबरची मेट्रो

शांघायच्या दहा नंबरच्या मेट्रोने आपण नॉर्थ सिचुआन रोडला उतरलोय. हा होंगकौ भाग. 1930 च्या दशकात इथे जपानी लोकांची वस्ती होती, म्हणून याला 'छोटं तोक्यो' म्हणायचे.

याच रस्त्याच्या उत्तर टोकाला ही इमारत. इथे उचियामा यांचं पुस्तकांचं दुकान होतं. कान्झो उचियामा 1913 मध्ये जपानहून आले ते डोळ्यांचं औषध विकायला. ते पेट्या घेऊन गावोगाव फिरायचे. 1917 मध्ये त्यांच्या पत्नी मिकी यांनी घरातच पुस्तकं मांडली, सुरुवातीला ख्रिस्ती धर्माची. दुकान पतीच्या नावाने गाजलं, पण पाया मिकीबाईंनी घातला.

गिऱ्हाइकापुढे चहा यायचा. उधारी जपान्याला तशी चिन्यालाही. 1927 च्या ऑक्टोबरात दुकानात एक बारीक चणीचे, मिशीवाले गृहस्थ आले: चिनी लेखक लू शुन. त्यानंतर ते येतच राहिले. जानेवारी 1932 मध्ये जपानी सैन्याने शहरात लढाई सुरू केली, लू शुन यांच्या घरावर गोळ्या आल्या, तेव्हा बायकामुलांसह ते आसऱ्याला आले ते याच जपानी माणसाकडे. 18 ऑक्टोबर 1936 ला त्यांनी उचियामांना जपानीत चिठ्ठी लिहिली: दम लागलाय, आजची भेट जमणार नाही, डॉक्टरांना फोन करा. दुसऱ्या दिवशी पहाटे ते गेले. त्यांच्या हातचा तो शेवटचा मजकूर.

1945 मध्ये जपान हरला. शहरातल्या जपान्यांना होंगकौत गोळा करून बोटींनी मायदेशी धाडलं. दुकान गेलं, 1947 मध्ये उचियामांनाही जपानला परतावं लागलं.

पुन्हा मेट्रोत बसू. आता पश्चिमेला, यिली रोड. बाहेर पडलं की गुबेई: समोर ताकाशिमाया हे जपानी डिपार्टमेंट स्टोअर, गल्लीत रामेन, म्हणजे जपानी नूडल्स. हे आजचे जपानी, बहुतेक कंपनीने बदलीवर पाठवलेले. 1987 मध्ये त्यांच्या मुलांसाठी शाळा निघाली, 2011 मध्ये तिला उच्च माध्यमिक वर्ग जोडले. 2012 च्या सुमारास शहरात पन्नास हजारांहून अधिक जपानी होते. त्याच वर्षी सेनकाकू बेटांवरच्या चीन-जपान वादावरून जपानविरोधी मोर्चे निघाले, आणि पुढे आकडा उतरत गेला. वर्गात दर मार्चला निरोप ठरलेला, बाबांची बदली होते ना!

यिली रोडच्या एकच स्टेशन अलीकडे सोंगयुआन रोड. इथल्या दफनभूमीत एक साधा दगड आहे. उचियामा 1959 मध्ये पाहुणे म्हणून चीनला परत आले आणि बीजिंगमध्ये वारले. त्यांना इथे आणलं, कारण मिकीबाई आधीपासून शांघायच्याच मातीत होत्या.