परक्या यंत्रावर आपले काम

मुंबईत कुलाब्याच्या टोकाला, समुद्राला लागून, टाटा मूलभूत संशोधन संस्था आहे. तिथल्या संगणकांवर जिनिव्हाजवळच्या सर्न प्रयोगशाळेत झालेल्या प्रोटॉनांच्या टकरींच्या नोंदी तपासल्या जातात. हे काम पाठवणारे संशोधक मुंबईतलेच असतील असे नाही. ते इटलीत असतील, ब्राझीलमध्ये असतील, आणि या संस्थेतील कोणीही त्यांना कधी पाहिलेले नसेल. तरीही त्यांचा प्रोग्रॅम इथे चालतो, आणि इथल्या संशोधकांचा तिकडे.

सर्नच्या या जाळ्यात 40 हून अधिक देशांतील सुमारे 170 संगणक केंद्रे आहेत. 4 जुलै 2012 रोजी हिग्ज बोसॉनसारखा नवा कण सापडल्याची घोषणा झाली, तिच्यामागचे बरेचसे गणित याच केंद्रांमध्ये झाले होते. एवढा पसारा उभारताना वेगाचे आणि साठवणुकीचे प्रश्न होतेच. पण आमच्या मते सर्वांत अवघड प्रश्न भरवशाचा होता. प्रत्येक केंद्राचा मालक वेगळा आणि नियमही वेगळे असताना, अनोळखी माणसाला आपल्या यंत्रावर प्रोग्रॅम चालवू द्यायचा तो कशाच्या आधारावर?

प्रत्येक केंद्रासाठी निराळा पासवर्ड ठेवणे कोणालाच झेपणारे नव्हते, आणि सगळीकडे एकच पासवर्ड दिला असता, तर एका दुबळ्या केंद्रातून तो चोरीला जाताच बाकीची सगळी दारे उघडी पडली असती. अमेरिकेत इयन फॉस्टर, कार्ल केसेलमन आणि स्टीव्ह ट्यूकी यांच्या चमूने घडवलेल्या ग्लोबस टूलकिट या सॉफ्टवेअरने या पेचातून वाट काढली. संशोधकाची ओळख पडताळून एक मान्यताप्राप्त संस्था त्याला डिजिटल प्रमाणपत्र देते. भारतात ही जबाबदारी सी-डॅक या सरकारी संगणक-संशोधन संस्थेने उचलली. प्रमाणपत्राच्या जोडीची गुप्त किल्ली, म्हणजे डिजिटल सही करण्यासाठीचा गुप्त संकेत, मात्र संशोधकाजवळच राहते. काम पाठवताना तो त्या किल्लीने सही करून एक अल्पायुषी प्रमाणपत्र तयार करतो, ज्याला प्रॉक्सी म्हणतात, आणि कामासोबत प्रवास करते ती ही प्रॉक्सी.

प्रॉक्सीची मुदत सामान्यतः 12 तासांची असते. वाटेत ती कोणाच्या हाती लागलीच, तर चोराला मिळतात ते मुदतीतले उरलेले तास. मूळ किल्ली त्याला मिळत नाही. आपल्या वतीने काम करण्याचा अधिकार द्यायचा, पण तो मोजून द्यायचा, ही या रचनेतली आम्हाला सर्वांत मोलाची वाटणारी गोष्ट आहे. 2004 मध्ये ती इंटरनेटच्या अधिकृत मानकांत नोंदली गेली.

प्रॉक्सी दाखवली म्हणजे दार उघडलेच, असेही नाही. हा संशोधक कोणत्या प्रयोगाचा सदस्य आहे आणि तिथे त्याची भूमिका काय, याचा सहीनिशी दाखला सोबत लागतो, आणि तो पाहूनही शेवटचा निर्णय केंद्राचाच राहतो. एखाद्या वापरकर्त्याविषयी संशय आला, तर केंद्राचे व्यवस्थापक त्याला तिथल्या तिथे रोखू शकतात; त्यासाठी त्यांना जिनिव्हाची परवानगी घ्यावी लागत नाही.

मे 2020 मध्ये युरोपातील अनेक महासंगणक घुसखोरीमुळे काही काळ बंद ठेवावे लागले. चोरांनी कुलूप फोडले नव्हते. खऱ्या वापरकर्त्यांच्या चोरलेल्या प्रवेश-किल्ल्या वापरून ते सरळ आत शिरले होते. अशा किल्लीला स्वतःची मुदत नसेल, तर ती बदलेपर्यंत चोराच्या हाती चालतच राहते.

ग्लोबस टूलकिटला मूळ चमूकडून मिळणारा आधार 2018 च्या जानेवारीत संपला. परंतु त्याचा मूळ कोड सर्वांसाठी खुला असल्यामुळे वापरणाऱ्यांनीच पुढे येऊन त्याची देखभाल हाती घेतली. आता जुन्या प्रमाणपत्रांच्या जागी हळूहळू टोकन येत आहेत. टोकनमध्ये धारकाला नेमके काय करता येईल हेच लिहिता येते: या फोल्डरमधील फाइल वाचता येईल, बदलता येणार नाही, आणि तेही ठरलेल्या वेळेपर्यंतच. जाळ्यातील सगळ्या केंद्रांनी आपापली यंत्रणा चालू ठेवून हा बदल करायचा आहे, आणि तो होत असताना कुलाब्यातल्या रांगेतले एकही काम अडू नये, यासाठी व्यवस्थापक काही काळ जुनी आणि नवी अशा दोन्ही पद्धती शेजारीशेजारी चालवत आहेत.