वरवर सगळं शांत

नमस्कार श्रोतेहो. निवडणूक जवळ आली की चहाच्या टपरीपासून वर्तमानपत्राच्या कचेरीपर्यंत एक इंग्रजी शब्द फिरायला लागतो, अंडरकरंट. ‘दिसत नाही काही, पण अंडरकरंट आहे हं!’ समुद्र वरून शांत, आणि कमरेएवढ्या पाण्यात पायाला ओढ लागावी, तसं.

यावरचा माझा आवडता किस्सा आहे १९७७ सालचा. आणीबाणीला दीड वर्ष उलटलेलं. १८ जानेवारीला इंदिरा गांधींनी निवडणूक जाहीर केली. कुणी उघड बोलत नव्हतं. २ फेब्रुवारीला त्यांच्याच मंत्रिमंडळातले ज्येष्ठ मंत्री बाबू जगजीवनराम काँग्रेसमधून बाहेर पडले, आणि ६ तारखेला, रविवारी, दिल्लीच्या रामलीला मैदानावर त्यांची सभा ठरली. आता रविवारी संध्याकाळी टीव्हीवर सिनेमा असायचा, आणि चॅनल एकच. त्या दिवशी ठरलेला सिनेमा बदलून दूरदर्शनने लावला त्या काळचा गाजलेला ‘बॉबी’! लोकांनी घरातच बसावं म्हणून. तरी लोक निघाले. मैदान तुडुंब भरलं. दुसऱ्या दिवशी इंग्रजी पेपरात मथळा, ‘बाबू बीट्स बॉबी’. सरकारी माध्यम हे सरकारचं नसतं, ऐकणाऱ्याचं असतं, हे मला या माइकसमोर बसताना दर वेळी आठवतं.

तर मुद्दा असा, की माणूस गप्प आहे म्हणून तो राजी आहे असं धरू नये. मार्चमध्ये मतपेट्या उघडल्या. उत्तर प्रदेशात ८५ जागा, बिहारात ५४. दोन्हीकडे मिळून काँग्रेसला एकही नाही. खुद्द इंदिरा गांधी रायबरेलीत पडल्या. उत्तरेत सक्तीच्या नसबंदीचा राग घराघरांत धुमसत होता. आणि आंध्रात? तिथे ४२ पैकी ४१ जागा काँग्रेसच्याच. म्हणजे अंडरकरंटसुद्धा सगळीकडे सारखा नसतो.

पुन्हा सांगतो, गप्प आहे म्हणून राजी आहे असं धरू नये. गावात पुढाऱ्याच्या पारावर विचारलं तर सगळे ‘साहेबांचंच वातावरण’ म्हणणार. त्यांच्याच घरातली बाई मत कुणाला देणार, ते तिच्या नवऱ्यालाही ठाऊक नसतं, आणि मतदान गुप्त ठेवलंय ते त्यासाठीच. तेव्हा पुढच्या खेपेला कुणी अंडरकरंट म्हणालं, तर एवढं जरूर विचारा: कुठल्या गावात, कुणाला विचारलंत, आणि तेव्हा शेजारी कोण उभं होतं?