फळी उचलली की आधी टोक बघा

पत्रिकेवर विषय छापलाय, ‘स्वतःचं लाकूड स्वतः चिरणं परवडतं का?’ वेळ पंचेचाळीस मिनिटं. परवडण्याचा हिशेब दहा मिनिटांत उरकतो, म्हणून तो शेवटी घेऊ. उरलेल्या पस्तीस मिनिटांत मला जे बोलायचंय ते बोलतो. अध्यक्ष हसतायत, म्हणजे त्यांनी मला आधी ऐकलेलं आहे.

बांधकामातले किती जण आहात? बरेच आहात. आणि अख्ख्या ओंडक्यावर करवत चालवलेले? तीन. तिघांचीही दहा बोटं शाबूत दिसतात, अभिनंदन.

माझी तक्रार अशी आहे. साइटवर फळी येते ती लांबी, रुंदी, जाडी एवढी तीन मापं घेऊन. वीट जशी येते तशी. गवंड्याला वीट कुठल्या मातीची हे विचारावं लागत नाही, मग सुतारानं तरी फळी झाडाच्या कुठल्या भागातली हे का विचारावं? माझे मिस्त्री मात्र विचारायचे. तोंडानं नाही. फळी हातात घेतली की ती उभी धरून टोकाला थुंकी लावायचे, अंगठ्यानं चोळायचे आणि बघत बसायचे. मी नवा होतो. मला वाटायचं म्हाताऱ्याला सवय आहे. कुणाला तपकिरीची असते, यांना ही. ओल्या टोकावर वर्षांच्या रेषा स्पष्ट उमटतात, हे कळायला मला सहा वर्षं लागली. सहा वर्षं आणि एका आजींच्या घराची जमीन.

ती गोष्ट सांगतो. थोडी लांब आहे.

मी नुकतंच पट्टा करवतीचं छोटं यंत्र घेतलं होतं. ओंडका जागेवर आडवा, करवतीचं डोकं रुळांवरून पुढे सरकतं, ते यंत्र. नवीन यंत्र घेतलेला माणूस म्हणजे नवीन लग्न झालेला माणूस, दुसऱ्या विषयावर बोलतच नाही. आजी माझ्या जुन्या गिऱ्हाईक. वादळात त्यांच्या अंगणातलं झाड पडलं. त्यांच्या सासऱ्यांनी लावलेलं. म्हणाल्या, “जळणाला नाही द्यायचं. याची मला पुढच्या खोलीत जमीन करून दे.” मी एका पायावर तयार.

खोड तीन मीटर लांब, अर्धा मीटर जाडीचं. असल्या ओल्या ओंडक्याचं वजन पाचशे-सहाशे किलो भरतं, हे मला ऐकून माहीत होतं. पाठीला त्या दिवशी कळलं. पहिला काप घेतला आणि साल सुटून आतलं लाकूड दिसलं. ओलं, गुलाबीसर, वासाळ. चिरणाऱ्यांना ते क्षण माहीत आहेत, बाकीच्यांना सांगून उपयोग नाही. तिसऱ्या कापाला आवाज बदलला. करवतीचा गुणगुणणारा सूर एकदम किरकिरा झाला आणि पातं लाटेसारखं चालायला लागलं. आत खिळा. कुणीतरी कधीकाळी दोरी बांधायला ठोकलेला, झाडानं गिळलेला. खरं तर इशारा समोर होता. ओंडक्याच्या टोकावर काळानिळा डाग होता. लोखंड आणि लाकडातलं टॅनिन भेटलं की तसा डाग पडतो. टोक बघितलं असतं तर पातं वाचलं असतं. पण मी लांबी मोजत होतो.

पात्यावरून आठवलं. पट्टा करवतीचं पेटंट विल्यम न्यूबेरीनं इंग्लंडमध्ये १८०८ सालीच घेतलं होतं. पण पात्याची दोन टोकं जोडून ती टिकवायची कशी, हे कुणाला जमेना, म्हणून कित्येक वर्षं ती कल्पना कागदावरच राहिली. यंत्र सुचलं होतं, सांधा सुचला नव्हता. आमच्या धंद्यात आजही तसंच आहे.

असो. फळ्या निघाल्या. दीडशे मिलिमीटर रुंद, पंचवीस जाड. आणि मी फार हुशारीनं एक गोष्ट केली. दोन फळ्यांवर खूण केली, वजन केलं, रुंदी मोजली आणि वहीत लिहिली. दर रविवारी पुन्हा. वजन भराभर उतरत होतं. सहा आठवड्यांत फळी उचलताना हाताला फरक जाणवायला लागला. आणि रुंदी? दीडशेच्या दीडशे! मी आजींना वही दाखवली. म्हटलं, “आजी, बघा, पाणी गेलं तरी लाकूड हललं नाही. हे जातिवंत लाकूड आहे. थांबलंय ते.”

इथे जाणकार हसतायत. बाकीच्यांसाठी सांगतो. लाकडात पाणी दोन जागी असतं. एक पेशींच्या पोकळीत मोकळं, आणि दुसरं पेशींच्या भिंतींत मुरलेलं. आधी मोकळं पाणी जातं, त्यानं वजन उतरतं पण आकार बदलत नाही. ओलाव्याचं प्रमाण साधारण २८ ते ३० टक्क्यांवर आलं की मोकळं पाणी संपतं आणि भिंतींतलं निघायला लागतं. लाकूड आकसतं ते तिथून पुढे. हे टक्के कोरड्या लाकडाच्या वजनावर काढतात, त्यामुळे ओलं झाड शंभर टक्क्यांच्या वरही असू शकतं. म्हणजे लाकडापेक्षा पाणी जास्त. असल्या मालाला दुधाच्या धंद्यात वेगळं नाव आहे.

तर माझं लाकूड थांबलं नव्हतं, त्यानं अजून चालायलाच सुरुवात केली नव्हती. मी २६ फळ्यांना जीभ-खाच पाडली, म्हणजे एकीच्या कडेची जीभ शेजारणीच्या कडेच्या खाचेत बसते, आणि ३.९ मीटरची खोली भिंतीला भिंत लावून भरली. एकेक फळी स्वतंत्र खिळ्यानं पक्की केली. आजींनी शेजारणींना बोलावून जमीन दाखवली.

चार महिन्यांनी निरोप आला. गेलो. हवा कोरडी होती. आजींनी काही न बोलता पदराची टाचणी काढली, दोन फळ्यांच्या मध्ये धरली आणि सोडली. टाचणी गेली. म्हणाल्या, “अरे, तू म्हणालास लाकूड थांबलंय. हे तर निघालंय की घर सोडून!” दर फळीमागे सहा-साडेसहा मिलिमीटर फट, जिभा खाचेतून सुटलेल्या. २६ फटी एकत्र केल्या तर सतरा सेंटीमीटर, म्हणजे खोलीतली अख्खी एक फळी हवेत विरघळली होती. वर कडा उचललेल्या. प्रत्येक फळी पन्हळीसारखी.

मिस्त्रींना घेऊन गेलो. ते गुडघ्यावर बसले, माझ्या उरलेल्या एका तुकड्याच्या टोकाला थुंकी लावली, आणि तो तुकडा माझ्या हातात दिला. बोलले काहीच नाहीत. मी पहिल्यांदा बघितलं.

आता फळ्यावर काढतो. हा ओंडका, ही वर्षांची वर्तुळं. लाकूड वाळताना तीन दिशांना वेगवेगळं आकसतं. लांबीत जवळजवळ नाहीच. गाभ्याकडून सालीकडे, म्हणजे त्रिज्येच्या दिशेनं, ओल्यापासून पूर्ण कोरडं होईपर्यंत ढोबळ मानानं चार टक्के. आणि वर्तुळाच्या वळणाबरोबर त्याच्या दुप्पट, आठेक टक्के. जातीप्रमाणे कमी-जास्त, सागवान यात बरंच सभ्य आहे, पण दुपटीच्या आसपासचं नातं बहुतेक झाडांत दिसतं. म्हणजे असं समजा, कमरेचा पट्टा आठ टक्के आवळला आणि पोट आत गेलं फक्त चार टक्के. काय होईल? पट्टा तुटेल. ओंडका वाळताना सालीपासून गाभ्यापर्यंत चीर जाते ती म्हणूनच. त्यात कुणाचा दोष नाही, भूमिती आहे.

आता फळीचं टोक बघा. रेषा रुंदीत आडव्या, कमानीसारख्या असतील तर ती फळी रुंदीत जास्त आकसणार, आणि कमान सरळ व्हायला बघणार. म्हणजे कडा सालीच्या बाजूला उचलणार. रेषा उभ्या असतील तर निम्मं आकसणार आणि सपाट राहणार. मधोमध गाभ्याचा ठिपका असेल तर ती फळी मधूनच चिरणार, तिला आधीच दोन भागांत कापा. संपलं. झाडात फळीचा पत्ता काय होता ते टोकावर लिहिलेलं असतं. आणि हे वाचायला शिकायची उत्तम जागा म्हणजे ओंडका स्वतः चिरणं, कारण तिथे पत्ता लिहिणारे तुम्हीच असता. दुकानातून घेतलेल्या फळीला वाक आला की आपण दुकानदाराला शिव्या देतो. स्वतः चिरलेल्या फळीला आला की वहीत बघावं लागतं.

जपानमध्ये होर्यूजी मंदिराचा पाच मजली मनोरा आहे. त्याच्या मधल्या खांबाचं झाड इसवी सन ५९४ च्या सुमाराला तोडलं, हे त्याच्या वर्तुळांवरूनच काढलंय. तेव्हा तिथे ओंडके उभे चिरायची मोठी करवत नव्हती, पाचरी ठोकून लाकूड फाडायचे. फाडलेलं लाकूड स्वतःच्या रेषेनंच... हो हो, चिठ्ठी मिळाली. आठ मिनिटं? सहा. बरं.

परवडतं का. पटापट सांगतो, लिहून घ्या.

कापात किती लाकूड भुसा होतं ते आधी बघा. तीनशे मिलिमीटरच्या चौकोनी ओंडक्यातून पंचवीस जाडीच्या फळ्या काढायच्या. पट्टा करवतीचा काप दोन मिलिमीटरचा धरला तर अकरा निघतात. चेनसॉला पट्टी लावून चिरलं आणि काप आठचा धरला तर नऊ. रोज चिरणार असाल तर त्या दोन फळ्यांत यंत्राचा पैसा आहे, वर्षातून एकदा चिरणार असाल तर नाही.

चिरायला एक दिवस, वाळवायला वर्ष. हवेवर वाळवताना इंचामागे एक वर्ष असा जुना ठोकताळा आहे. ठोकताळाच, कारण मऊ लाकूड लवकर वाळतं, जड लाकूड छळतं. चिरल्या दिवशीच टोकांना जाड रंग फासा, टोकातून पाणी कित्येक पट वेगानं जातं आणि टोकं फाटतात. चळत लावताना दर अर्ध्या मीटरवर कोरड्या पट्ट्या, वरची पट्टी बरोबर खालच्या पट्टीवर, माथ्यावर वजन आणि छप्पर. वजन उतरायचं थांबलं की मगच वाळलं म्हणा. रुंदी मोजून नाही!

तरीही ते बाहेरच्या हवेपुरतंच वाळलेलं असतं. वीस अंश तापमान आणि हवेत ६५ टक्के आर्द्रता असेल तर लाकडातला ओलावा बारा टक्क्यांच्या आसपास स्थिरावतो. घरातली हवा ४० टक्क्यांची असेल तर तो आठच्या खाली जातो. म्हणून लाकूड बसवण्याआधी त्याच खोलीत काही आठवडे ठेवा. पण प्लास्टर ओलं असताना नको, ओल्या घरात कोरडं लाकूड फुगतं आणि गृहप्रवेशानंतर आकसतं. तेव्हा गवंडी पुढच्या साइटवर असतो आणि फोन सुताराला येतो.

काय चिरावं? जमीन, दारं, फर्निचर, कडेच्या पट्ट्या, जिथे रुंदी आणि रेषा दिसतात ते. तुळया-वासे, ज्यावर माणसं उभी राहणार, ते जाणकारानं तपासून प्रतवारी लावल्याशिवाय नको. साधा चौकटीचा माल विकतच घ्या, तिथे तुमचा दिवस वाया जातो.

आजींचं? सगळी जमीन उखडली, माझ्या खर्चानं. चळत लावली, वर्षभर थांबलो, कडा पुन्हा रंधून घेतल्या, तेव्हा २६ च्या जागी २८ फळ्या लागल्या. त्या दोन त्याच झाडाच्या होत्या, खिळ्यामुळे मी बाजूला टाकलेल्या. काळानिळा डाग आता खोलीच्या मधोमध आहे आणि आजी येणाऱ्याला आधी तोच दाखवतात.

दाराशी टेबलावर पाच तुकडे ठेवलेत. जाताना टोकं बघा आणि कुठला कुठल्या बाजूला वाकेल ते सांगा, उत्तर मागे पेन्सिलीनं लिहिलंय. थुंकी नको, ओलं फडकं ठेवलंय. पाचवा तुकडा प्लायवूडचा आहे, त्यावर वेळ घालवू नका. मागच्या वेळी दोन जणांनी घालवला होता.